नागपुरात पाहुण्याला जेवायला कुठे न्यावे?

बाहेरगावचा पाहुणा नागपूरच्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "संत्री कुठे मिळतील?" आणि दुसरा, "तुमच्याकडे खास खाण्यासारखे काय आहे?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याला मात्र आपण गडबडतो. कोणी एकदम "सावजी" म्हणून मोकळा होतो, कोणी तर्री पोह्यांचे नाव घेतो, तर कोणी हळूच सांगतो, "त्यापेक्षा घरीच चला न जी, घरचं बरं." ही तिन्ही उत्तरे खरी आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. याचे कारण असे की "चांगले कुठे मिळते?" हा प्रश्नच मुळी अर्धवट आहे. चांगले कोणासाठी, कोणत्या वेळी आणि कशाकरिता, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. बारशाला शोभणारे जेवण दुखणेकऱ्याला चालत नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते. हॉटेल निवडताना आपण ते विसरतो, इतकेच.

म्हणून आज नागपुरातल्या सर्वांत उत्तम हॉटेलाचे नाव मी सांगणार नाही. प्रसंग कोणता आणि त्याला जागा कोणती, याचा थोडा विचार करू. हा विचार सोपा व्हावा अशी एक किल्ली मला सापडली आहे. या शहरातली प्रत्येक जुनी खाण्याची जागा कोणाच्या तरी कामाच्या वेळापत्रकातून निघालेली आहे. कोष्ट्याचा माग, गिरणीचा भोंगा, रेल्वेची गाडी, कचेरीची सुटी आणि कॉलेजचा तास, या पाच गोष्टींनी नागपूरला बाहेर जेवायला शिकवले. ज्या माणसांसाठी ती जागा निघाली, त्यांची वेळ आणि त्यांची रीत पाळून आपण गेलो, तर ती जागा आपल्याला पावते. नाही तर नुसते पोट भरते.

थोडा इतिहास पाहू. भोसल्यांचे हे शहर १८६१ साली मध्यप्रांताची राजधानी झाले. १८६७ साली मुंबईकडून रेल्वे आली. १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १९२३ साली विद्यापीठ निघाले. राजधानी म्हटली की कारकून आले, रेल्वे म्हटली की बंगाली आणि तेलुगू नोकरदार आले, व्यापार म्हटला की मारवाडी पेढ्या आल्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना होऊन राजधानीचा मान गेला, पण आलेली माणसे इथलीच झाली. नागपूरचा माणूस एका वाक्यात मराठी आणि हिंदी दोन्ही बोलून जातो, आणि त्याच सहजपणे एका दिवसात चार प्रांतांचे खातो. यात त्याला काही वेगळे केल्यासारखे वाटत नाही.

आता दिवस उजाडल्यापासून सुरुवात करू.

सकाळची वेळ, जुना मित्र रेल्वेने उतरला आहे आणि दोन तासांनी त्याला दुसरी गाडी धरायची आहे. अशा वेळी टेबलखुर्चीच्या हॉटेलात जाऊ नये. टपरीवर जावे आणि तर्री पोहे खावेत. पुण्यामुंबईचे पोहे म्हणजे वर ओले खोबरे आणि लिंबाची फोड. आपल्याकडे त्याच पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा पडतो आणि वर कच्चा कांदा व शेव येते. रस्सा उकळला म्हणजे त्यावर मसाल्याचा लाल तवंग चढतो, तोच तर्री. कस्तुरचंद पार्कजवळची "के. पी. की टपरी" या बाबतीत गावभर ठाऊक आहे, पण खरे सांगायचे तर ज्या चौकात तुम्ही राहता त्या चौकातही अशी एखादी गाडी असतेच. तिथे पोहे संपले तर आलूबोंडा घ्या. त्यावरही तीच तर्री मिळते. पाहुणा "बटाटावडा द्या" म्हणाला तर गाडीवाला समजून घेईल, पण "आलूबोंडा" म्हटल्याने तो घरचा होईल. या जागेची रीत एवढीच, की उभ्याने खायचे आणि मागच्याला जागा करून द्यायची. कामावर निघालेल्या माणसाचे हे खाणे आहे. पोह्याने पोट भरते, हरभऱ्याने दुपारपर्यंत टिकते आणि तर्रीने झोप उडते. सकाळी दहानंतर तिथे जाऊन "मजा नाही आली" म्हणणाऱ्याचा दोष घड्याळाकडे आहे.

दुसरा प्रसंग. पाहुणा मांसाहारी आहे, हाती संध्याकाळ आहे आणि त्याने सावजीचे नाव ऐकले आहे. इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे.

सावजी हा मुळात आदराचा शब्द. नागपूरच्या महाल, इतवारी, गोळीबार चौक या भागांत हलबा कोष्टी समाजाची जुनी वस्ती. हातमागावर लुगडी विणणारे हे लोक. घरातच माग आणि मागाला बिलगूनच चूल. विणकाम हे साऱ्या घराचे काम असते. कोणी सूत भरतो, कोणी ताणा लावतो, कोणी खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकतो. दिवसभर असे बसून काम केल्यावर रात्री ज्वारीच्या भाकरीबरोबर जे मटण शिजे, त्याची चव पुढे शेजारपाजारी पसरली. गिरण्या आणि यंत्रमाग यांच्यापुढे हातमाग मागे पडत गेला, तेव्हा काही घरांनी माग उचलला आणि त्याच जागी चार बाकडी टाकली. घरच्या बायकांच्या हातात जी विद्या होती, तिच्यावर घर चालू लागले. सावजी भोजनालय म्हणजे काय, तर बंद पडलेल्या मागाला त्या घरांनी शोधलेले उत्तर. आज पुण्यामुंबईतही "नागपुरी सावजी" अशा पाट्या दिसतात, पण या पाटीमागे बेकारीशी दिलेली झुंज आहे, हे पाटी वाचणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते.

आता स्वयंपाकाविषयी. सावजी मसाला बत्तीस जिनसांचा, असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्येक घर आपला हिशेब आपल्यापाशी ठेवते. पण मिरे, लवंग, धणे, खसखस, दगडफूल, सुके खोबरे ही मंडळी त्यात असतातच. जिन्नस वेगवेगळे भाजायचे, मग वाटायचे आणि मग तेलात इतका वेळ परतायचे की तेल बाजूला झाले पाहिजे. पूर्वी हे तेल जवसाचे असे. मटणाशिवाय खूर, कलेजी, खिम्याचे गोळे, आणि बकऱ्याच्या आतड्याची "सुंदरी" हेही पदार्थ मिळतात. जनावराचा कोणताही भाग वाया जाऊ न देणाऱ्या काटकसरीच्या घरातले हे जेवण आहे. शाकाहारी माणसासाठी पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा असतो, आणि त्यालाही मसाला तोच.

तिखटपणाच्या कीर्तीने मात्र या जेवणाचे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. बाहेरचा माणूस येतो तो पैज लावायला आल्यासारखा. डोळ्यांतून पाणी निघाले, नाक वाहिले, म्हणजे सावजी खाल्ले! गिऱ्हाईक आगच मागू लागले, की आग देणे सोपे असते; तिखटाची पूड स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ. भाजणे, वाटणे, परतणे यांत जाणारे तास कमी केले आणि वर मिरची ओतली, तरी पैज जिंकायला आलेल्या माणसाला फरक कळत नाही. फरक कळणारे गिऱ्हाईक उरले नाही, तर तो वेळ देणारे घरही फार काळ उरणार नाही. म्हणून पाहुण्याला नेताना आपण दोन गोष्टी कराव्यात. वाढणाऱ्याला सांगावे, "दादा, तर्री कमी टाका." म्हणजे वरचा तवंग बाजूला राहतो आणि खालचा मसाला जिभेला कळतो. आणि पाहुण्याला सांगावे, की पोळी मागू नका, भाकरी घ्या, ती रश्श्यात कुस्करा, सोबत कच्चा कांदा आणि लिंबू असू द्या. ज्वारीने तिखट बसते. पहिल्या घासाला लागतो तो मिऱ्याचा चटका, आणि मागाहून हळूहळू खसखस आणि खोबरे बोलू लागतात. ते ऐकू येईपर्यंत सावकाश जेवावे.

ही भोजनालये पूर्वी बहुतेक पुरुषांचीच होती. आता पुष्कळ ठिकाणी कुटुंबासाठी वेगळी बैठक असते. तरीसुद्धा सासरची मंडळी पहिल्यांदा आली असता त्यांना थेट इथे नेऊ नये. दुसऱ्या भेटीला न्यावे. दर डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते. १९५३ च्या नागपूर करारातून आलेला हा वार्षिक प्रसंग. त्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राची माणसे या बाकड्यांवर दिसतात. सभागृहात जे एकमेकांकडे पाहत नाहीत, ते इथे एकमेकांकडे पाण्याचा तांब्या सरकवतात.

कोष्ट्यांची गोष्ट निघाली म्हणजे दुसऱ्या विणकरांची गोष्ट ओघानेच येते. मोमीनपुरा हे नावच मोमीन विणकरांवरून पडले. एका शहरात विणकरांचे दोन समाज, आणि दोघांच्याही चुलीला शहरभर मान, हा योगायोग नागपूरने जपून ठेवावा असा आहे. रात्री उशिरा, चार मित्र बरोबर आहेत, बिर्याणी किंवा निहारी खायची इच्छा आहे, तर मोमीनपुऱ्यात जावे. तिथले "बब्बू" जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी असते. रमजानच्या महिन्यात तर हा रस्ता संध्याकाळनंतरच जागा होतो. त्या दिवसांत जायचे असेल, तर एक सभ्यपणा पाळावा. रोजा सुटण्याच्या घटकेला दुकानात गर्दी करू नये. दिवसभराच्या उपाशी माणसाला पहिला घास खाऊ द्यावा. आपण तासाभराने गेलो तरी आपले काही अडत नाही.

तिसरा प्रसंग घरातल्या वडीलधाऱ्यांचा. काका आणि काकू यवतमाळहून किंवा पुण्याहून आले आहेत, शाकाहारी आहेत आणि "तुमच्याकडचं काही साधं खाऊ घाल बाबा" म्हणताहेत. हे काम वाटते तितके सोपे नाही. वऱ्हाडी घरगुती जेवण हॉटेलात मिळावे ही गोष्टच अलीकडची. आपल्याकडचा वडाभात घ्या. डाळींचे खरपूस वडे गरम भातावर कुस्करायचे आणि त्यावर मिरची-हिंगाची कढत फोडणी ओतायची. किंवा गोळाभात घ्या, ज्यात जाडसर बेसनाचे गोळे भाताच्या वाफेवर शिजतात. हे पदार्थ पानात पडल्यावर लगेच खायचे असतात. हॉटेलच्या कपाटात ते तग धरत नाहीत. असे जेवण मांडून वाढण्याचा खटाटोप विष्णू मनोहर यांनी "विष्णूजी की रसोई"त केला, आणि वडीलधाऱ्यांना न्यायला ती जागा योग्य आहे. बसायला ऐसपैस आणि वाढणारे आग्रह करणारे.

हिवाळा असेल तर सांबारवडी चुकवू नये. इथे बाहेरच्या माणसाची हटकून फसगत होते. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचे सांबार ते वेगळे. थंडीत कोथिंबीर स्वस्त होते, तेव्हा तिचे मसालेदार सारण बेसनाच्या पारीत भरून ही वडी तळतात आणि कढीबरोबर खातात. हिलाच पुडाची वडीही म्हणतात. तशीच आपली लांब पोळी. अगदी सैल कणीक हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायची. ही पोळी करणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला चूल मांडून बसतात. पाहुण्याने ती पाहावी आणि मग खावी. तिची कणीक भिजवण्यात आणि आपटण्यात दंडाचे जे कष्ट आहेत, ते पाहिल्यावर कोणी भावात घासाघीस करीत नाही, निदान करू नये.

चौथा प्रसंग बोलण्याचा. कधी कधी जेवण हे निमित्त असते आणि खरे काम बोलण्याचे असते. मुलीच्या लग्नाची बोलणी, जुन्या भांडणाची समजूत, प्रबंधाच्या विषयावर विद्यार्थ्याशी चर्चा. अशा वेळी ज्या जागी वेटर बिल आणून टेबलावर आपटतो, तिथे जाऊ नये. कॉफी हाऊस याच कामासाठी जन्माला आले. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे १९५७ च्या सुमारास बंद करायला घेतली, तेव्हा नोकऱ्या गेलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि ती गृहे स्वतः चालवली. वाढणारा हाच मालक असल्यामुळे एका कपावर दोन तास बसणाऱ्याकडे तो कपाळाला आठ्या घालून पाहत नाही. नागपूरच्या इंडियन कॉफी हाऊसने वकील, पत्रकार, प्राध्यापक आणि बेकार अशा सर्वांना सारख्याच सोशिकपणे सांभाळले आहे. तसेच सदरमधले नानकिंग. घरातल्या मुलाला पहिल्या पगारात आईवडिलांना "चायनीज" खाऊ घालायचे असे, त्या काळापासून दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत ते आहे. अशा जागेत पदार्थाइतकीच किंमत त्या प्रसंगाला असते.

मुलाबाळांना घेऊन उन्हाळ्यात बाहेर पडायचे, तर दिवस मावळल्यावरच. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. फुटाळ्याच्या काठावर वारा खावा आणि दिनशॉचे आइस्क्रीम खावे. १९३२ साली राणा कुटुंबातील दोघा पारशी भावांनी गिट्टीखदानात दुधाचा धंदा सुरू केला, त्याचे हे आजचे रूप. आणि पाहुणा परत निघाला म्हणजे त्याच्या हाती संत्रा बर्फीचा डबा द्यावा. बिकानेरहून आलेल्या हल्दीरामच्या घराण्याने नागपूरच्या फळाला मिठाईच्या दुकानात बसवले, आणि आता ते फळाइतकेच गावाचे नाव सांगते. मात्र हंगाम असेल तर बर्फीबरोबर चार संत्रीही द्यावीत. आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी येतो आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. बर्फी बाराही महिने मिळते. फळाला वेळ असते.

आणखी एक प्रसंग आहे, आणि कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला तो दर जूनमध्ये दिसतो. गडचिरोली, गोंदिया, भंडारा इकडच्या खेड्यातला मुलगा शिकायला येतो. त्याला आवडते हॉटेल नको असते. दोन्ही वेळचे जेवण महिन्याच्या हिशेबाने मिळेल अशी मेस हवी असते. या मेस बहुधा एखाद्या काकू आपल्या घरातूनच चालवतात. वरण, भात, पोळी, भाजी. रविवारी काही गोड. घरून पैसे यायला उशीर झाला तर वहीत लिहून ठेवतात आणि विचारतात, "काऊन रे, आज जेवला नाहीस? तब्येत बरी नाही काय?" हे वाक्य कोणत्याही भोजनपत्रिकेत छापलेले नसते. मुलाने वसतिगृह, पुस्तके, शिकवणी यांची चौकशी करावी, पण पालकांनी सर्वांआधी ही मेस पाहून यावी, तिथे एकदा स्वतः बसून जेवावे, असे मी दरवर्षी सांगत असतो. परगावी शिकणारी पुष्कळ मुले अभ्यासाने नव्हे, जेवणाच्या आबाळीने खचतात.

शेवटी अशा दिवसाविषयी, की जेव्हा हॉटेल शोधूच नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दर वर्षी त्या सुमारास दीक्षाभूमीवर लोकांचा सागर येतो. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जागोजाग अन्नदानाचे मंडप लागतात. भात, भाजी, पुरी, पाणी. कोण कुठला, कोणी विचारत नाही. ज्या समाजाला पाणवठ्यावर आणि पंगतीत जागा नाकारली गेली, त्याच्या मोठ्या दिवशी सारे शहर रस्त्यावर पंगत मांडते. पाहुणा त्या वेळी नागपुरात असेल तर त्याला तिथे न्यावे. पानात काय वाढले जाते, हा त्या दिवशी प्रश्नच नसतो. आणि शक्य असेल तर जेवण्यापूर्वी तासभर वाढण्याचे काम करावे. जागा आहे की नाही, हे मंडपवाल्याला विचारले की झाले.

आपल्या घरी पाहुणा आला की आपण त्याला विचारतो, "काय खाल?" त्याऐवजी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. बरोबर कोण आहे? हाती वेळ किती आहे? आणि जेवायचे आहे की बोलायचे आहे? यांची उत्तरे मिळाली की जागा आपोआप मिळते. एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल उभा आहे आणि तिचा भोंगा आता वाजत नाही. पण गिरणी-मागांच्या त्या नागपूरला जेवू घालणाऱ्या चुली अजून बऱ्याच ठिकाणी पेटतात. मॉलच्या जाहिराती गावभर लागतात. गल्लीतल्या भोजनालयाची, मेसची, मडक्यावरच्या पोळीची जाहिरात आपल्याशिवाय कोण करणार? तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्याला एका तरी अशा जागी घेऊन जा, वाढणाऱ्या बाईला नावाने हाक मारा, आणि पदार्थ आवडला तर तो तिला सांगून या.